महामार्गावरील पादचारी व सायकल पुलासाठी जमिनीची तपासणी कशी करावी

पुण्याच्या कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर पादचारी आणि सायकलस्वारांसाठी पूल बांधायचा असेल, तर बोअर, म्हणजे जमीन तपासण्यासाठी यंत्राने पाडायची खोल छिद्रे, कुठे घ्यायचे हे ठरवण्याआधी चढाचा हिशेब मांडावा. वाहनांसाठी ५.५ मीटर उंची मोकळी ठेवली आणि तुळईची जाडी एक मीटर धरली, तर सायकलस्वाराला साडेसहा मीटर चढावे लागते; १:२० च्या उताराने प्रत्येक बाजूचा चढ १३० मीटर लांब होतो. असे असूनही बोअर बहुधा मुख्य खांबांपाशीच घेतले जातात, आणि पुढे खचतो तो चढ. टेकडीचा उतार कापून आणि ओढ्याचा खोलगट भाग भरून रस्ता झाला असेल, तर एका बाजूला मीटरभर खाली कातळ आणि दुसऱ्या बाजूला जुना भराव किंवा राडारोडा, असे चित्र असू शकते. म्हणून प्रत्येक खांबाच्या जागी एक बोअर घ्यावाच, शिवाय चढाच्या भरावाखालीही काही बोअर घ्यावेत. यंत्र लावण्यापूर्वी हाताने चाचणी खड्डा खणून पाण्याच्या, गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्या कुठून जातात ते पाहावे.

माती आणि मुरमात प्रमाणित प्रवेश चाचणी करावी; बोअरच्या तळाशी नळी ठोकून थर किती घट्ट आहे ते तिने कळते. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडतात; पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून देऊन पुढच्या ३० सेंटिमीटरचे मोजतात. घट्ट मुरमात नळी आत जाईनाशी झाली की कोअर, म्हणजे दगडाचा दंडगोल नमुना, काढायला सुरुवात करावी.

खरी काळजी इथूनच घ्यावी लागते. पुण्याचा बसाल्ट हा एकसंध दगड नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला आहे आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीसारखा मऊ थर असतो. हा थर कोरडा असताना टणक वाटतो, पण पाण्यात फुटून विरघळू लागतो. त्यामुळे कठीण दगड लागला म्हणून बोअर थांबवणे धोक्याचे आहे; पायाच्या तळाखाली पायाच्या रुंदीच्या किमान दीडपट खोलीपर्यंत तरी तो न्यावा. कोअर ज्यात अडकतो त्या बॅरलची नळी एकेरी असेल, तर हा मऊ थर पाण्याबरोबर वाहून जातो आणि अहवालात फक्त कोअर कमी मिळाल्याची नोंद उरते, म्हणून दुहेरी नळीचेच बॅरल मागावे. कोअरच्या पेट्या अभियंत्याने स्वतः उघडून पाहाव्यात. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अखंड तुकड्यांच्या लांबीची बेरीज करून तिचे छिद्रलेल्या लांबीशी प्रमाण काढावे आणि तांबड्या थराचा एक तुकडा रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवून सकाळी त्याचे काय झाले ते पाहावे.

काळी माती पाण्याने फुगते, म्हणून तिची चाचणी वेगळी आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये सुकवलेली १० ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या पात्रात रॉकेलमध्ये टाकून २४ तास ठेवतात. पाण्यातील वाढ रॉकेलमधील आकारमानाच्या किती टक्के, हा तिचा मुक्त फुगवटा. मोठ्या पुलाचे वजन फुगणाऱ्या मातीला काही प्रमाणात दाबून धरते, पण पादचारी पूल हलका असल्याने माती त्याचा पाया उचलू शकते. त्यामुळे खांबांचा पाया काळ्या मातीत न ठेवता मुरमाच्या किंवा कातळाच्या थरापर्यंत न्यावा. चढाखालची काळी माती शक्यतो काढून तिथे मुरूम थराथराने दाबून भरावा आणि पावसाचे पाणी भरावात मुरणार नाही असे गटार करावे.

भूजलाची पातळी बोअर झाल्यावर २४ तासांनी मोजावी. मे महिन्यातील मोजमापावर विसंबू नये, ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावे. भूकंपाच्या दृष्टीने आयएस १८९३ : २०१६ या भारतीय मानकानुसार पुणे तिसऱ्या विभागात मोडते, तेव्हा खांबांवर येणारा आडवा भारही हिशेबात धरावा.

वाहत्या महामार्गालगत सुरुंग न लावता ब्रेकरने खोदकाम करावे आणि खड्ड्याच्या रस्त्याकडील बाजूला आधार द्यावा. तळ उघडा पडला की भूवैज्ञानिकाने तो बोअरच्या नोंदीशी ताडून पाहावा आणि त्याच दिवशी काँक्रीटचा पहिला थर टाकावा, कारण रात्रभर पाणी साचलेला मुरूम सकाळी आदल्या दिवसाइतका घट्ट राहत नाही. पाणी साचलेच, तर वरचा मऊ झालेला थर खरवडून काढल्याशिवाय काँक्रीट टाकू देऊ नये.