नादेसिकोचा पिक्चर बघून डोकं फिरलं? या चुका टाळा

मार्शियन सक्सेसर नादेसिको या जपानी अ‍ॅनिमे सिरीजचे २६ एपिसोड हसत हसत संपवायचे आणि लगेच त्याच रात्री तिचा पिक्चर, प्रिन्स ऑफ डार्कनेस, लावायचा, बहुतेक जण हेच करतात आणि मग अर्ध्या तासात शंका यायला लागते की आपण भलतीच फाइल तर लावली नाही ना. फाइल बरोबर आहे, पिक्चरच तसा आहे. (पुढे स्पॉयलर आहेत, सिरीज बाकी असेल तर आधी ती उरकून या.)

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मधले एपिसोड राहिले असं समजून नेटवर शोधत बसणं. काही राहिलेलं नाही हो. सिरीज मार्च १९९७ ला संपली, पिक्चर ऑगस्ट १९९८ ला आला, आणि स्टोरीतली मधली तीन वर्षं मात्र टाकली सेगा सॅटर्न या गेम कन्सोलच्या एका गेममध्ये, द ब्लँक ऑफ थ्री इयर्स. म्हणजे हीरो अकितो, जहाजाची कॅप्टन युरिका आणि क्रूमधली छोटी रुरी एकत्र राहतायत, रामेन नूडल्सची गाडी लावतायत, हा जो गोडवा होता तो गेम घेणाऱ्यांना, आणि आपल्याला दोन-चार फ्लॅशबॅक. हे मला आजही पटलेलं नाही. तर पिक्चर लावायच्या आधी एवढं माहीत असू द्या: अकितो आणि युरिकाचं लग्न झालं, हनिमूनला निघाले, शटल फुटलं आणि ते मेले असं सगळे धरून चालले. खरं तर त्यांना पळवलेलं. युरिकाला बोसॉन जंपसाठी (म्हणजे एका जागेवरून थेट दुसरीकडे उडी मारण्यासाठी) सिरीजमधल्या त्या प्राचीन अवशेषांना जोडून ठेवलंय, आणि अकितोवर इतके प्रयोग केलेत की त्याला चवच कळत नाही. कुक होता तो! पिक्चरमधली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे आणि ती आपल्याला घडताना दिसत नाही, नंतर कळते.

दुसरी चूक, "कॉमेडी सोडून सिरियस झाले म्हणून वाट लागली" असं म्हणून मोकळं होणं. अरे सिरीज काय कमी सिरियस होती का? पायलट दाइगोजी तिसऱ्याच एपिसोडमध्ये गोळी खाऊन मरतो, तेसुद्धा लढाईत नाही. शत्रूचा अधिकारी शिरातोरी शांततेची बोलणी करायला येतो आणि स्वतःच्याच मित्राच्या हातून जातो. पण तिथे हसू आणि रडू एकाच ठिकाणाहून यायचं, सिरीजच्या आतल्या ज्या गेकिगांगर ३ कार्टूनवर आपला अकितो जीव टाकतो तेच कार्टून गुरू ग्रहाकडच्या शत्रूंनी धर्मग्रंथ करून ठेवलेलं, हसावं का घाबरावं तेच कळत नाही. पिक्चरमध्ये हा धागाच जवळपास सुटलाय. काळा कोट, काळा गॉगल, काळा रोबो, आणि दुःख सगळं पडद्यामागे घडून गेलेलं. त्यात वेळ जेमतेम ८० मिनिटं, म्हणजे नवीन व्हिलन होकुशिन कोण हे नीट कळेपर्यंत शेवटची फाइट सुरू.

अकितोची वाट बघत बसू नका, ही तिसरी. पिक्चर रुरीचा आहे. सिरीजमध्ये ११ वर्षांची, सगळ्यांना मूर्ख म्हणणारी पोरगी इथे १६ ची आहे आणि नादेसिको-बी या अंतराळ युद्धनौकेची कॅप्टन आहे. तिच्या बाजूने बघितलं की बराच फरक पडतो. ती आधीच्या नादेसिको जहाजावरच्या जुन्या क्रूला एकेकाला शोधून गोळा करते तो भाग तर जुन्या नादेसिकोसारखाच धमाल आहे, आणि तेव्हाच लक्षात येतं की ह्या लोकांना अजून जमतंय, फक्त हीरोच्या वाट्याला त्यातलं काही ठेवलं नाही.

आणि १९९९ चा सेइउन (जपानचा सायन्स फिक्शन) अवॉर्ड मिळालाय म्हणून डायरेक्ट पिक्चरपासून सुरुवात करू नका. काहीही कळणार नाही.

शेवटाबद्दल आधीच सांगतो, अकितो युरिकाला न भेटताच निघून जातो, रुरी म्हणते की नाही आला तर आपण त्याच्या मागे जाऊ, आणि संपलं. पुढचा पिक्चर कधी आलाच नाही, त्यामुळे पार्ट टू शोधू नका. फारच जड वाटलं तर सिरीजचा १४ वा एपिसोड परत लावा, त्यात गेकिगांगरमधली मंडळी टीव्हीसमोर बसून नादेसिको बघतात.