शेतकरी बाप्टिस्ट आजीची जीवनकथा कशी लिहावी

अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेत, ही व्यक्ती गेल्या आठवड्यात मुख्यतः काय करत होती, असा एक प्रश्न होता. अनेक शेतकऱ्यांच्या बायकांच्या नावापुढे त्याचे उत्तर म्हणून प्रगणकाने ‘एच’ हे एकच अक्षर लिहिलेले दिसते, आणि त्याचा अर्थ ‘घर सांभाळते’ एवढाच होता. ही गणना एप्रिलच्या सुरुवातीला झाली, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात ते पेरणीचे दिवस. त्या आठवड्यात तिने गाईंच्या धारा काढल्या असतील, कोंबड्यांची अंडी गोळा केली असतील, परसातील भाजीचे वाफे लावले असतील आणि रविवारच्या वर्गासाठी पवित्र शास्त्राचा पाठही तयार केला असेल, परंतु कागदावर यांपैकी काहीच उतरले नाही. माझ्या आजेसासूबाई उत्तर अलाबामातील अशाच एका शेतकरी, बाप्टिस्ट (हा एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ) घरातल्या. त्यांची जीवनकथा लिहिताना जी पद्धत उपयोगी पडली, ती अशा घरांत सून किंवा जावई म्हणून गेलेल्या मराठी मंडळींसाठी येथे मांडत आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून न करता बाईंपासूनच करावी, कारण कागद थांबतील, पण नव्वदीतले माणूस थांबेलच असे नाही. घरातील नातवंडे त्यांना ज्या नावाने हाक मारतात, त्याच नावाने आपणही हाक मारावी. समोर ध्वनिमुद्रक ठेवून प्रश्नावली वाचण्यापेक्षा त्यांच्याबरोबर शेंगा सोलायला किंवा गोधडीला टाके घालायला बसावे, ध्वनिमुद्रणाची परवानगी आधीच घ्यावी आणि मग हात चालू राहू द्यावेत. ‘कोणत्या साली’ असे विचारले की उत्तर अडखळते. हंगाम विचारला की ते सरळ येते. कपाशीची शेवटची खुरपणी आटोपल्यावर आणि वेचणी सुरू होण्यापूर्वी जुलै-ऑगस्टमध्ये जे मोकळे दिवस मिळत, त्याच दिवसांत खेड्यांतील मंडळ्या (म्हणजे स्थानिक चर्च) आठवडाभर रोज संध्याकाळी श्रद्धा जागवणाऱ्या जागृतीच्या सभा भरवीत असत, आणि सभा संपल्यावर ओढ्यात किंवा तळ्यात बाप्तिस्मे होत. म्हणून ‘तुमचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी कापूस कसा होता?’ या एका प्रश्नातून श्रद्धा, शेती आणि वय या तिन्ही गोष्टी एकदम हाती लागतात. दुसरा उपयोगी प्रश्न विजेचा आहे. ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी यंत्रणा १९३५ मध्ये स्थापन झाली, तेव्हा देशातील सुमारे दहांपैकी एकाच शेतघरात वीज होती. आपल्या घरात पहिला दिवा कधी लागला आणि त्यानंतर धुणे, इस्त्री व पाणी यांत काय बदलले, हे त्या पिढीतील बायका फार बारकाईने सांगतात.

त्यानंतर मंडळीच्या दप्तराकडे वळावे. येथे मराठी वाचकाची एक समजूत आड येते. वसईत किंवा गोव्यात बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद आई-वडिलांच्या नावांसह चर्चमध्ये मिळते, तशी बाप्टिस्ट मंडळीत मिळणार नाही, कारण तेथे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतच नाही. ज्याने स्वतः विश्वास कबूल केला, त्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा दिला जातो. शिवाय प्रत्येक मंडळी स्वतंत्र असल्याने सर्व नोंदी एका ठिकाणी जमा करणारे बिशपचे कार्यालयही नसते. जे मिळते ते म्हणजे सभासदांची यादी आणि कारभाराच्या बैठकांचे इतिवृत्त, आणि ही वही पुष्कळदा मंडळीच्या चिटणीसाच्या घरातील कपाटातच असते. यादीत नावापुढे ‘बाप्तिस्म्याने’ किंवा ‘पत्राने’ असा शेरा असतो. ‘पत्राने’ याचा अर्थ ती बाई दुसऱ्या मंडळीकडून शिफारसपत्र घेऊन आली. म्हणजे कुटुंबाने तेव्हा बहुधा गाव बदलले होते, आणि वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबाची भटकंती शोधायला याहून चांगला धागा मला सापडलेला नाही. जुन्या इतिवृत्तांत नाचगाण्यासाठी किंवा दारूसाठी सभासदत्व काढून घेतल्याच्याही नोंदी आढळतात. त्या वाचून दचकू नये आणि लपवूही नयेत. मात्र हयात व्यक्तीबद्दल काही असेल, तर छापण्यापूर्वी तिला विचारावे. गावातील वही जळाली किंवा हरवली असेल, तर त्या भागातील मंडळ्यांच्या संघाचे छापील वार्षिक अहवाल पाहावेत. नॅशव्हिल येथील सदर्न बाप्टिस्ट ऐतिहासिक ग्रंथालय व अभिलेखागारात अशा अहवालांचा आणि मंडळ्यांच्या नोंदींच्या सूक्ष्मपटांचा (मायक्रोफिल्मचा) मोठा साठा आहे.

या बाईंचे खरे कर्तृत्व पुरुषांच्या पदांच्या यादीत शोधू नये. पाळक आणि डीकन (पाळकाला साहाय्य करणारे मंडळीचे सेवक) पुरुषच असत. पण मिशनसाठी, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामासाठी, पैसा उभा राहत असे तो मुख्यतः स्त्रियांच्या मंडळामुळे. १८८८ मध्ये रिचमंड येथे सदर्न बाप्टिस्ट स्त्रियांची वुमन्स मिशनरी युनियन स्थापन झाली आणि त्याच वर्षी चीनमधील मिशनरी लॉटी मून यांच्या आवाहनावरून नाताळचे दानार्पण सुरू झाले, जे पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. शेतावरच्या बाईकडे हा पैसा येई तो अंडी आणि लोणी विकून. कापसाचा पैसा नवऱ्याचा आणि दुकानदाराच्या उधारीचा. अंड्यांचा पैसा तिचा. त्यामुळे हिशेबाची जुनी वही, स्त्रीमंडळाचे इतिवृत्त आणि कोंबडीखाद्याच्या छापील सुती पोत्यांपासून शिवलेले मुलींचे कपडे हे सारे पुरावेच समजावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येकामागची हकीकत तिच्याच शब्दांत लिहावी. जुन्या वर्तमानपत्रांत मात्र तिचा शोध नवऱ्याच्या नावाने घ्यावा लागतो, कारण तेथे ती ‘मिसेस’ आणि पुढे पतीचे पूर्ण नाव एवढीच असते.

एक प्रकरण अवघड आहे, आणि ते वगळून लिहिलेली जीवनकथा मला अप्रामाणिक वाटते. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन ही दक्षिणेतील बाप्टिस्ट मंडळ्यांची संघटना १८४५ मध्ये ऑगस्टा येथे स्थापन झाली ती गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावे की नाही या वादातून, आणि या इतिहासाबद्दल संस्थेने १९९५ मध्ये जाहीर क्षमा मागितली. यादवी युद्धापूर्वीच्या सभासदयाद्यांत गुलाम स्त्री-पुरुषांची केवळ पहिली नावे, मालकाच्या नावासह, लिहिलेली सापडतात. युद्धानंतर कृष्णवर्णीय बाप्टिस्टांनी आपल्या स्वतंत्र मंडळ्या उभ्या केल्या. तुमच्या कथेतील आजी गोऱ्या घरातील असो वा कृष्णवर्णीय, शेजारच्या रस्त्यावरील दुसऱ्या मंडळीबद्दल तिला काय आठवते, कापूस वेचताना कोण कोणाबरोबर असे आणि जेवायला कोण कोठे बसे, हे शांतपणे विचारावे. आजेसासूबाईंना मी हे विचारले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी सांगितले. तो थांबाही मी लेखात नोंदवला आहे.

कौटुंबिक पवित्र शास्त्राच्या आतील पानांवर जन्म, विवाह व मृत्यू लिहिलेले असतात. त्यांचे छायाचित्र घेताना प्रकाशनाचे सालही टिपावे, कारण त्या सालापूर्वीच्या नोंदी मागाहून उतरवलेल्या असतात. कबरी सजवण्याचा वार्षिक दिवस आणि उपासनेनंतर झाडाखाली मांडलेल्या लांब टेबलांवरील जेवण चुकवू नये. सगळे गोतावळ्यातले लोक त्या दिवशी येतात आणि कोणती कबर कोणाची, यावर त्यांच्यात जो वाद होतो, तो नीट ऐकून लिहून घ्यावा.

मसुदा तयार झाला की तो मोठ्या अक्षरांत छापून त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. आजेसासूबाईंनी माझ्या मसुद्यातून ‘संत’ हा शब्द काढायला लावला आणि त्याऐवजी, आटोपशीर बोलणाऱ्या असूनही, एका वर्षी मक्याच्या बरण्या नीट हवाबंद न झाल्याने कशा सगळ्या नासल्या, ही हकीकत सविस्तर घालायला सांगितली. दुरुस्त प्रत कुटुंबाला द्यावी आणि एक प्रत मंडळीच्या चिटणीसाकडे, त्याच वहीशेजारी ठेवायला द्यावी.