घनफळ शिकवायचंय? सूत्र नंतर, आधी कात्री काढा

नववी-दहावीच्या वर्गात ही अ‍ॅक्टिव्हिटी एकदा करूनच बघा, लागतं काय तर जाड कागद, पट्टी, कात्री, चिकटपट्टी बास. प्रत्येक गटाला १८ सेमी बाजूचा चौरस कागद द्या आणि सांगा की चारही कोपऱ्यांतून सारखेच छोटे चौरस कापा, उरलेल्या बाजू वर दुमडा, झाला बिनझाकणाचा डबा. फक्त कोपरा किती कापायचा ते गटागटाला वेगळं द्या, १ सेमी, २ सेमी असं ८ पर्यंत.

कापायच्या आधी एक गोष्ट विसरू नका, कुणाचा डबा सगळ्यात मोठा होईल यावर हात वर करायला लावा. बहुतेक पोरं म्हणतात कागद तर सगळ्यांचा सारखाच, मग घनफळ पण सारखंच येणार ना! लगेच चूक सांगू नका हं, मजा तिथंच आहे.

मग मोजून फळ्यावर टेबल करा. १ ला २५६ घन सेमी, २ ला ३९२, ३ ला ४३२, ४ ला ४०० आणि ८ ला जेमतेम ३२. आता विचारा की २.५ किंवा ३.५ कापलं तर ३ पेक्षा जास्त येईल का? (नाही येत, ४२२.५ आणि ४२३.५ येतं.) इथं कापलेल्या कोपऱ्याची बाजू x धरून घनफळाचं सूत्र x(१८ − २x)² हे पोरांकडूनच काढून घ्या, आपण लिहून देऊ नका. आलेख वहीत काढा, वेळ असेल तर जिओजेब्रा या गणिताच्या मोफत सॉफ्टवेअरवर.

आणि कापण्यात १५ मिनिटं जातातच, तेव्हा जोडतास घ्या.