गोठ्याची तपासणी: फी कुणाला, किती

सगळं दूध गावच्या सहकारी दूध संस्थेला घालणाऱ्या सभासदाला वेगळी अन्न नोंदणी लागत नाही, म्हणजे फीही नाही. पण घरोघरी रतीब घातला किंवा कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण विकलं, की नोंदणी आलीच. दिवसाला ५०० लिटरपर्यंत 'फॉर्म ए' हा नोंदणीचा अर्ज, वर्षाला १०० रुपये, भरायचे फॉस्कॉस या सरकारी अन्न परवाना पोर्टलवर. एजंट मागतो ते वरचे पैसे त्याची मजुरी. सरकारी फी नव्हे. अर्जानंतर ७ दिवसांत नोंदणी मिळते, नाकारली जाते किंवा तपासणीची नोटीस येते.

तपासणीत घोटाळा बहुधा कॅनचाच. आधी गार पाण्यानं विसळा, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं घासा, धुऊन पालथा घाला. थेट उकळतं ओतलं तर दुधातली प्रथिनं पत्र्याला चिकटतात, थर धरतो आणि पुढच्या धारेचं दूध नासतं. झाकणाच्या रबराखाली नख फिरवून बघा. पिवळट चिकटा निघाला तर रबर बदला.

प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन पिळा काळ्या फडक्यावर घ्या. गुठळी दिसली तर दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची शंका. ते दूध कॅनमध्ये नको.