विकीत लिहा, ग्रुपवर आपोआप जाऊ द्या: गावागावांत विखुरलेल्या टीमसाठी जोडणी

यवतमाळ-वर्ध्याकडं आता बऱ्याच ठिकाणी शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या, टीमचे पोट्टे-पोट्टी दहा-बारा गावांत विखुरलेले आणि सगळी माहिती मात्र मोबाईलच्या ग्रुपवर. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) 12 टक्क्यांच्या वर ओलावा असलेला कापूस घेत नाही, बोंडअळीचे सापळे कधी लावायचे, सातबारा कोणता पाहिजे, हे कोणीतरी सकाळी टाकते आणि संध्याकाळपर्यंत ते वर सरकून जाते, मंग पुढच्या महिन्यात तेच लोक तेच विचारून राहिले. म्हणून माहिती एका विकीत (सगळ्यांना मिळून लिहिता-वाचता येते अशा वेबसाईटवर) पक्की ठेवायची आणि तिच्यात बदल झाला की ग्रुपवर निरोप आपोआप जायला पाहिजे. हे बसवायला फार खर्च नाही, पण काही जागा अशा आहेत की तिथं माणूस अडकतेच, त्या नीट सांगतो.

मी विकीसाठी डोकुविकी, ग्रुपसाठी टेलिग्राम आणि मधात दोघांना जोडणारं एन-एट-एन (n8n) असं धरून लिहितो. डोकुविकीला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, फोल्डर कॉपी केलं की बॅकअप झाला, गावाकडच्या टीमसाठी हे लय मोठं काम आहे. टेलिग्रामचा बॉट, म्हणजे आपोआप निरोप टाकणारं खातं, फुकट बनतो. एन-एट-एन आपल्या सर्व्हरवर टाकलं तर त्याचेही पैसे नाही. तुमच्याकडं विकीसाठी कॉन्फ्लुअन्स आणि ग्रुपसाठी स्लॅक असेल तरी विचार हाच, बटणं वेगळी.

सगळ्यात आधी विकीत दोन नेमस्पेस (पानांचे वेगळे कप्पे) करा, एक कच्चा आणि एक पक्का. कच्च्यात कोणीही लिहावं, पक्क्यात लिहायचा हक्क दोन-तीन जाणत्या लोकांनाच, आणि ग्रुपवर जाईल ते फक्त पक्क्यातलंच. याच्यात ढिलाई करू नका. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, औषधाचं प्रमाण ही आपल्याकडं जिवाची गोष्ट आहे. कोणी अर्धवट लिहिलेलं प्रमाण बॉटनं दहा गावांत पोचवून दिलं तर ते परत घेता येत नाही, बॉटला खरं-खोटं समजत नाही. तपासायचं काम माणसाचंच ठेवा, फक्त पोचवायचं काम काढून घ्या.

पानाचं नाव इंग्रजी अक्षरांत लहान ठेवा आणि मथळा मराठीत द्या, सेटिंगमध्ये पहिला मथळाच नाव म्हणून वापरायची सोय आहे. काऊन म्हणाल तर डोकुविकी देवनागरी नावाची फाईल बनवताना प्रत्येक अक्षराचे, काना-मात्रा वेगळी धरून, नऊ चिन्हं करते, आणि फाईलच्या नावाला 255 ची मर्यादा असते, म्हणजे पंचवीसेक अक्षरांतच नाव संपलं.

आता फीड, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणारी बदलांची यादी. विकीच्या पत्त्यापुढं फीड डॉट पीएचपी लावलं की अलीकडच्या बदलांची आरएसएस यादी मिळते, त्याला नेमस्पेस जोडून फक्त पक्का मागायचा. एन-एट-एन ही यादी लॉगिन न करता वाचते, म्हणून पक्का नेमस्पेस सगळ्यांना वाचायला खुला लागतो, तं तिथं शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर, आधार, बँक खाते असलं काहीच ठेवायचं नाही. दुसरं, फीडमधली लिंक मुळात जुन्या-नव्या मजकुराच्या फरकावर जाते, हिरव्या-पिवळ्या रेघा पाहून गावातला माणूस गोंधळते, सेटिंगमध्ये जाऊन ती चालू पानावर करून घ्या.

आणि ज्याच्यावर सगळी मजा अवलंबून आहे ते म्हणजे पान सेव्ह करताना खाली असलेली बदलाच्या सारांशाची बारकी चौकट. बहुतेक लोक ती रिकामीच सोडतात. पण फीडमध्ये मथळ्याच्या पुढं हाच सारांश चिकटून येते आणि तोच ग्रुपवर दिसते, म्हणून तिथं 'अपडेट केलं' असं लिहिलं तर ग्रुपवर कोणी ढुंकूनही पाहणार नाही. लिहायचं असं: 'कामगंध सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग सलग 3 दिवस दिसले तर लगेच कळवा, गुलाबी बोंडअळीचं पान बदललं.' एवढ्या ओळीत वावरात उभ्या असलेल्या माणसाचं काम होते, लिंक उघडायला रेंज नसली तरी. आणि नुसती ऱ्हस्व-दीर्घाची दुरुस्ती असेल तर किरकोळ बदलाची टिक मारा, असे बदल फीडमध्ये मुळातच येत नाहीत, ग्रुपला उगाच त्रास नाही.

टेलिग्रामवर बॉटफादर शोधा, नवा बॉट मागा, ते एक टोकन देते. ते टोकन म्हणजे घराची किल्ली, ग्रुपवर किंवा विकीवर कधीच टाकू नका, चुकून गेलंच तर बॉटफादरकडूनच रद्द करून नवं घ्या. बॉटला टीमच्या ग्रुपमध्ये घ्या, त्याला स्टार्टची कमांड द्या आणि एन-एट-एनच्या टेलिग्राम ट्रिगरमध्ये (मेसेज आला की काम सुरू करणारा टप्पा) चॅट आयडी, म्हणजे ग्रुपचा क्रमांक, पाहून घ्या. ग्रुपचा आयडी उणे चिन्हानं सुरू होते, ते उणे सोडू नका. ग्रुप पुढं सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठा ग्रुप) झाला तर आयडी बदलते आणि निरोप बंद पडतात.

मंग एन-एट-एनमध्ये आरएसएस फीड ट्रिगर ठेवा, अर्ध्या तासाला एकदा पाहिलं तरी पुरे, डोकुविकी स्वतःच फीड पाच मिनिटं साठवून ठेवते त्यामुळे दर मिनिटाला पाहून फायदा नाही. त्याच्या पुढं टेलिग्रामचा नोड (टप्पा), त्यात चॅट आयडी, मथळा आणि लिंक. इथं दोन गोष्टी बदलाच. पार्स मोड, म्हणजे मेसेजची मांडणी वाचायची पद्धत, मार्कडाऊन असते ते एचटीएमएल करा, कारण डोकुविकी पानाच्या नावातल्या मोकळ्या जागेचा अंडरस्कोर (_) करते आणि मार्कडाऊनला एकटा अंडरस्कोर दिसला की टेलिग्राम मेसेजच नाकारते, म्हणजे काही पानं जातात, काही जात नाहीत, आणि कारण लवकर सापडत नाही. दुसरं, मेसेजखाली एन-एट-एनची जाहिरातीची ओळ आपोआप लागते, ती बंद करायचा पर्याय तिथंच आहे.

रोज सकाळी सापळे तपासायची आठवण लावायची असेल तर घड्याळ आधी पाहा. स्वतः टाकलेल्या एन-एट-एनचा टाइमझोन मुळात न्यूयॉर्कचा असते. सात वाजताची आठवण ऑगस्टमध्ये आपल्याकडं दुपारी साडेचारला येईल. आशिया-कोलकाता करून घ्या.

उलटी वाट पण करा, ग्रुपमधला प्रश्न विकीत गेला पाहिजे. टेलिग्रामचा बॉट प्रायव्हसी मोडमध्ये असते, त्याला ग्रुपमधल्या सगळ्या गप्पा दिसत नाहीत, पण त्याच्या मेसेजला कोणी रिप्लाय दिला तर तो दिसतो. काही लोक हा मोड बंद करायला सांगतात, मी म्हणतो राहू द्या, लोकांच्या घरच्या गोष्टी मशीनकडं जायला नको. बॉटच्या निरोपावर बोट सरकवून रिप्लाय दिला की टेलिग्राम ट्रिगर तो उचलते, आणि डोकुविकीची रिमोट एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरला विकीत लिहू देणारी सोय) पानाच्या शेवटी मजकूर जोडते, तारीख, नाव, प्रश्न. ही एपीआय मुळात बंद असते, चालू करा आणि बॉटसाठी वेगळा युजर करून प्रश्नांसाठी तिसरा नेमस्पेस करून त्याला फक्त त्यातच लिहू द्या. पक्क्यात लिहायला दिलं तर त्याचंच लिहिलेलं फीडमधून परत ग्रुपवर येईल, त्यावर कोणी रिप्लाय देईल, ते परत जाईल, चक्र थांबणारच नाही. ट्रिगरला बाहेरून पोचता येईल असा एचटीटीपीएस पत्ता लागते, ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर मोबाईलच्या हॉटस्पॉटनं ते जमत नाही, वरून लाईटचं आपल्याकडं काय सांगावं, तं एक लहानसा सर्व्हर भाड्यानं घेतलेला बरा.

व्हॉट्सअपवरच पाहिजे, असं सगळेच म्हणतात आणि बरोबरही आहे, शेतकरी तिथंच आहे. पण क्यूआर कोड स्कॅन करून चालणारी फुकटातली टूलं नियमाबाहेरची आहेत, कंपनीचा नंबरच बंद होऊ शकते, आणि तो नंबर गावागावांत दिलेला असते. अधिकृत वाट म्हणजे व्हॉट्सअपची व्यवसायासाठीची सेवा, तिथं समोरच्याच्या शेवटच्या मेसेजपासूनच्या 24 तासांच्या खिडकीबाहेर आधी मंजूर केलेला मजकूरच पाठवता येते आणि त्याचे पैसे लागतात. लहान कंपनीला टीम टेलिग्रामवर ठेवून प्रत्येक गावच्या पोरानं आपल्या गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तो निरोप फॉरवर्ड करणंच परवडते, त्याच्या नावावर गाव विश्वास ठेवते हा फायदा वेगळाच.

शेवटी एररचा, म्हणजे काही बिघडलं तर कळवणारा, वेगळा वर्कफ्लो (टप्प्यांची साखळी) करा, एरर ट्रिगर लावून मेसेज एकाच माणसाला जाऊ द्या, आणि मुख्य वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये तो निवडायला विसरू नका, नाहीतर तो बनवूनही चालत नाही. हे सगळं दोघा-तिघांच्या चाचणी ग्रुपवर मे महिन्यातच करून घ्या, पेरणी लागली की कोणालाच वेळ नसते.