भिंतीवरचा कोड हाताला लागायला हवा

संग्रहालयांतल्या वस्तूंची ऐकण्यासाठीची वर्णनं लिहिणं हे माझं काम. एका दालनात आम्ही प्रत्येक वस्तूशेजारी क्यूआर कोड लावले, ध्वनिमुद्रणही मन लावून केलं. पहिल्याच दिवशी एक अंध बाई आल्या. एका हातात फोन, दुसरा तळवा भिंतीवरून फिरत होता. गुळगुळीत भिंतीवर गुळगुळीत कागद कुठे चिकटवलाय, हे त्यांना कळणार कसं?

म्हणून कोड सगळीकडे एकाच उंचीवर आणि वस्तूच्या एकाच बाजूला लावा. भोवती बोटाला जाणवेल अशी उठावाची चौकट हवी. टचस्क्रीन असेल तर तिच्याखाली चाचपून ओळखता येतील अशी बटणं आणि हेडफोनची सोय द्या. विनिपेगमध्ये २०१४ साली उघडलेल्या कॅनेडियन म्युझियम फॉर ह्यूमन राइट्समध्ये असा कीपॅड आहे. व्हीलचेअर आत सरकेल एवढी जागा स्क्रीनखाली मोकळी सोडा.

पण खरी मेहनत वर्णनावर घ्या. ‘सुंदर नक्षीकाम असलेला प्राचीन घडा’ या वाक्यातून काहीच दिसत नाही. असं लिहून पाहा: ‘मातीचा घडा, गुडघ्याइतका उंच. तळ निमुळता, पोट फुगीर, गळा दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा. खांद्यावर बोटभर रुंदीचा काळा पट्टा. त्याखाली हरणांची रांग. शेवटच्या हरणानं मान मागे वळवली आहे.’ आधी वस्तू कोणती, केवढी, कशाची ते सांगा. मग खालून वर किंवा वरून खाली, एकाच दिशेनं जा. हे दीड मिनिटात बसवा. इतिहास ज्याला हवा त्याच्यासाठी पुढच्या ट्रॅकवर ठेवा. ध्वनिमुद्रणाआधी मी मजकूर अशा कुणाला तरी वाचून दाखवते, ज्यानं ती वस्तू पाहिलेली नाही, आणि कागदावर चित्र काढायला सांगते. घड्याचं पोट चुकलं की माझं वाक्य बदलते.

व्हिडिओला कॅप्शन दिलं की कर्णबधिरांचं काम झालं, असं समजू नका. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण असतं. तीच भाषा बोलत मोठ्या झालेल्या अनेकांना लिहिलेला मजकूर ही दुसरी भाषा वाटते. म्हणून सांकेतिक भाषेतला वेगळा व्हिडिओ करा, आणि त्यात कर्णबधिर व्यक्तीलाच बोलू द्या. कॅप्शनही हवंच, आणि त्यात ढोलाचा आवाज, दार आपटणं हेसुद्धा लिहा. काही श्रवणयंत्रांत टी-कॉइल, म्हणजे चुंबकीय लहरींतून आवाज थेट पकडणारी तारेची छोटी गुंडाळी असते. अशी यंत्रं वापरणाऱ्यांसाठी तो आवाज पोचवणारे, गळ्यात घालायचे लूप ठेवा.

मोबाइलवरच्या पानावर मजकुराचा फोटो टाकू नका, स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तो नीट वाचता येईलच असं नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ ठेवा, वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या आकाराच्या अक्षरांसाठी हेच प्रमाण आहे. आवाज आपोआप सुरू होऊ देऊ नका. छोट्या वाक्यांतली सोपी आवृत्तीही द्या. गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी, कुठे अंधार आहे आणि कुठे मोठा आवाज आहे हे दाखवणारा व्हिडिओ घरूनच पाहता यावा.

तपासायला अंध आणि कर्णबधिर माणसांनाच बोलवा, आराखडा कागदावर असतानाच, आणि त्या वेळेचं मानधन द्या. उघडल्यानंतर रोज सकाळी कर्मचाऱ्यांपैकी एकानं फोनमधला स्क्रीन रीडर (अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर) सुरू करावा, डोळे मिटावे आणि तीन वस्तू शोधून ऐकाव्यात. जी सापडली नाही तिची चौकट दार उघडण्याआधी दुरुस्त करा.