युरो-डॉलरचा भाव कसा वाचावा: जळगावच्या चटई कारखान्याचा हिशेब

रुपया पडला की निर्यातदाराची चांदी, असं सरसकट बोललं जातं. जळगाव एमआयडीसीतला एखादा चटईचा कारखाना धरा. माल युरोपात जातो, बिल २०,००० युरोचं. प्लास्टिकचा दाणा १२,००० डॉलरचा. युरो १.१० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये असताना (आकडे हिशेबापुरते) एका युरोचे ९३.५० रुपये होतात. महिन्याभरात डॉलर ८७ वर गेला, पण युरो १.०५ डॉलरवर आला. आता युरोचे ९१.३५ रुपयेच. बिलात ४३,००० रुपये कमी आले, दाणा २४,००० रुपयांनी महागला. रुपया पडूनही ६७,००० चा फटका.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपला भाव दोन तुकड्यांत मांडणं: युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया. रोज दोन्ही वेगळे लिहा, म्हणजे नेमकं काय हललं ते कळतं. रावेर-यावलची केळी आखातात पाठवणारा या कटकटीतून सुटला. दुबईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, त्यामुळे त्याने नुसता डॉलर-रुपया पाहिला तरी भागतं.

मग भाव कोणत्या बाजूने लिहिलाय ते बघा. युरो-डॉलरचा आकडा वाढला तर युरो वधारला. डॉलर-येनचा वाढला तर येन पडला. इथे भलेभले उलटं वाचतात.

आता भाव हलण्याचं कारण. सगळ्यात मोठं म्हणजे व्याजदरातला फरक, आणि त्यातही आजच्यापेक्षा उद्याचा. अमेरिका आणि जर्मनीच्या दोन वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा शेजारी-शेजारी मांडा. फरक अमेरिकेच्या बाजूने रुंदावत असेल तर पैसा सहसा डॉलरकडे ओढला जातो. २०२२ चं उदाहरण बघा. युरोपीय मध्यवर्ती बँकेने जुलैमध्ये दर अर्धा टक्का आणि सप्टेंबरमध्ये पाऊण टक्का वाढवला, तरी सप्टेंबरअखेर युरो ०.९६ डॉलरच्या आसपास होता. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह (फेड), मार्चपासूनच दर वाढवत सुटली होती, आणि रशियाचा गॅस आटल्याने युरोपचं इंधनाचं बिल फुगलं होतं. बाहेरून इंधन घ्यायचं तर डॉलर मोजावे लागतात. शिवाय युद्ध, मंदीची भीती असली की जग डॉलरच्या आडोशाला पळतं. तेव्हा व्याजाचं गणित काही दिवस बाजूला राहतं.

तारखा भिंतीवर लावा. अमेरिकेचे महागाई आणि रोजगाराचे आकडे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला, हिवाळ्यात ७ ला येतात. फेडचा निर्णय रात्री ११.३० ला, हिवाळ्यात १२.३० ला. आकडा मोठा की छोटा, यापेक्षा अंदाजापेक्षा किती वेगळा हे पाहा. अपेक्षित दरवाढ आधीच भावात मुरलेली असते, म्हणून घोषणेनंतर चलन कधीकधी उलटं पडतं.

शेवटी बँकेचा टप्पा. एफबीआयएल या संस्थेचा रुपयाचा रोजचा संदर्भ दर दुपारी दीडच्या सुमारास लागतो. बँक त्या भावाने पैसे देत नाही, स्वतःचा वाटा कापून टीटी दर, म्हणजे परदेशातून खात्यात आलेल्या रकमेचा दर, लावते. प्रत्येक युरोमागे किती पैसे कापले ते विचारून घ्या आणि दुसऱ्या बँकेचाही दर मागवा; घासाघीस होते. फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून घेण्याचा करार, घेताना तो पुढचा भाव हे भाकीत समजू नका. तो व्याजफरकाचा हिशेब असतो: भारतात साडेसहा आणि अमेरिकेत साडेचार टक्के व्याज असेल, तर ८५ च्या डॉलरला तीन महिन्यांचे सुमारे ४२ पैसे चढतात. बिल आणि दाणा दोन्ही असतील तर १२,००० डॉलरपुरते युरो थेट डॉलरला फॉरवर्डने बांधता येतात का, हे बँकेला विचारा. रुपयात बांधायचे मग उरलेलेच राहतात.